नाव न घेता

नक्कीरर या प्राचीन तमिळ कवीचे ‘नेडुनल्वाडै’ हे १८८ ओळींचे काव्य आहे. पावसाळी हिवाळ्याच्या एका दीर्घ रात्रीचे ते वर्णन. उत्तरेचा वारा सुटला आहे, गुराखी शेकोटीभोवती बसले आहेत, कबुतरे वळचणीला एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत उभी आहेत. राजवाड्याच्या अंतर्गृहात हस्तिदंती पायांच्या पलंगावर राणी जागी आहे. छताच्या वस्त्रावर रंगवलेल्या चंद्र-रोहिणीकडे पाहून ती डोळे पुसते. पती रणांगणावरच्या छावणीत आहे. तोही झोपलेला नाही. मध्यरात्री जखमी सैनिकांची विचारपूस करीत तो फिरतो आहे. काव्यात राणीचे नाव नाही आणि राजाचेही नाही. विरहाचे इतके शुद्ध काव्य त्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. तरीही परंपरेने त्याची गणना प्रेमकाव्यात केली नाही.

याचे कारण चौदाव्या शतकातील भाष्यकार नच्चिनार्क्किनियर याने दिले आहे, आणि ते एका पानाएवढे आहे. राजाबरोबर चालणाऱ्या सेवकाच्या हातातील भाल्याच्या टोकाला कडुनिंबाची पाने बांधलेली आहेत, असे कवी ओघात सांगून जातो. कडुनिंब हे पांड्य राजांचे कुलचिन्ह होते. चोळांचे आपट्याच्या जातीच्या झाडाचे, चेरांचे ताडाचे. वाचकाने निंब पाहिला की राजा पांड्य हे त्याला कळते, मग कोणता पांड्य हे कळते, आणि पलंगावर रडणारी स्त्री कोण हेही कळते. भाष्यकाराचा निर्वाळा असा की, येथे कोणाचे नाव घेतलेले नसल्यामुळे हे काव्य खरे तर ‘अकम’ म्हटले गेले असते. पण ओळखीची खूण सांगितली गेल्यामुळे ते ‘अकम’ राहिले नाही.

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या प्रेमाविषयी लिहिताना किती सांगावे आणि कोणाला झाकावे, हा प्रश्न आधुनिक काळाने निर्माण केला असे सर्रास समजले जाते. मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी जुनी ताडपत्रे छापली गेली, त्यांनी हा समज खोटा ठरवला आहे. ‘तोलकाप्पियम’ या प्राचीन व्याकरणग्रंथाचा काव्यविषयाचे नियम सांगणारा ‘पोरुळधिकारम’ हा भाग १८८५ मध्ये सि. वै. दामोदरम पिळ्ळै यांनी प्रसिद्ध केला, उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ‘पत्तुप्पाट्टु’ १८८९ मध्ये आणि ‘पुरनानूरु’ १८९४ मध्ये आणले. ‘नेडुनल्वाडै’ हे ‘पत्तुप्पाट्टु’तील दहा काव्यांपैकी एक. या ग्रंथांनी तमिळ भाषकांना त्यांचा दीड-दोन हजार वर्षांचा विसरलेला भूतकाळ परत दिला, ही कथा सुपरिचित आहे. त्यांत गोपनीयतेचे एक पूर्ण विकसित शास्त्रही होते, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

हे शास्त्र काव्याचे दोन भाग करते. ‘अकम’ म्हणजे आतले: स्त्रीपुरुषांचे परस्पर प्रेम. ‘पुरम’ म्हणजे बाहेरचे: युद्ध, दान, कीर्ती, मृत्यू. पुरम-काव्यात राजाचे नाव, त्याची नदी, त्याचा डोंगर, त्याने जिंकलेली लढाई, सारे काही यावे. किंबहुना नाव अमर करणे हेच त्या काव्याचे काम. अकम-काव्याला तोलकाप्पियमचा नियम एकच आणि निरपवाद आहे: प्रेमाच्या पाचही भूमींत कोणाही व्यक्तीचा नावाने निर्देश करू नये. तेथे बोलतात ते ‘तो’, ‘ती’, तिची सखी, तिची आई, तिची दाई. डोंगरावरची भेट, रानातली प्रतीक्षा, शेतीच्या प्रदेशातला रुसवा, समुद्रकाठचा विलाप आणि रखरखीत वाटेवरचा वियोग असे पाच प्रदेश ठरलेले. त्यांतील फूल, पक्षी आणि प्रहरही ठरलेले. कवीला जे नावाने सांगता येत नाही ते कुरिंजीचे फूल सांगते. नियमाने एक दार बंद केले आणि त्या बंद दारामुळेच काव्याला निसर्गाची भाषा मिळाली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

नियम कठोर का असावा हे त्याच काव्यातून कळते. अकम-काव्याच्या विवाहपूर्व भागाला ‘कळवु’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ चोरी. ही चोरी उघडकीस येण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली ‘अम्बल’: चार बायका नाकावर बोट ठेवून कुजबुजतात, मान हलवतात, पण काही बोलत नाहीत. दुसरी ‘अलर’: साऱ्या गावात बोभाटा होतो. जुने भाष्यकार सांगतात की अम्बल म्हणजे कळी आणि अलर म्हणजे उमललेले फूल. लोकापवादाला फुलाची उपमा देणारी दुसरी भाषा शोधावी लागेल. मराठीत ‘नाव घेणे’ ही लाजरी, मानाची गोष्ट आहे आणि ‘नाव ठेवणे’ ही बोचरी. दोहोंमधले अंतर एका क्रियापदाचे. उखाण्यात स्त्री पतीचे नाव ओळीच्या कोपऱ्यात लपवून अखेरीस उघड करते, कारण ते नाते समाजाने मान्य केलेले असते. अकम-काव्यातल्या मुलीचे नाते अद्याप मान्य व्हायचे आहे. तिला नाव घेता येत नाही, म्हणून कवीनेही ते घ्यायचे नाही.

या शिस्तीचा एक विलक्षण परिणाम ‘कुरुंतोकै’ या चारशेहून थोड्या अधिक लघुकवितांच्या संग्रहात दिसतो. स्वामिनाथ अय्यर यांनी १९३७ मध्ये त्याची भाष्यासहित आवृत्ती काढली. त्यातल्या काही कवींची नावे संकलनकर्त्यांनाच माहीत नव्हती. तेव्हा त्यांनी कवितेतीलच एखादी प्रतिमा उचलून ते कवीचे नाव म्हणून दिले. लाल मातीवर पडलेल्या पावसाची उपमा देणारा कवी ‘सेम्पुलप्पेयल्नीरार’ झाला. ज्याच्या कवितेत ओसाड अंगणात खार खेळते तो ‘अणिलाडु मुन्ऱिलार’. मासा ओढणाऱ्या गळाची प्रतिमा वापरणारा ‘मीनेऱि तूण्डिलार’. उकिरड्यावरच्या झुंजणाऱ्या कोंबड्यांची उपमा देणारा ‘कुप्पैक्कोळियार’. पात्रांना नावे नाहीत आणि आता लिहिणाऱ्यालाही नाव उरले नाही; उरली ती फक्त उपमा. ए. के. रामानुजन यांच्या १९६७ च्या इंग्रजी अनुवादांनंतर ही लाल माती जगभरच्या वाचकांना माहीत झाली. ती कोणाच्या हातून आली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेलेही नाही.

पण माणसांना कुतूहल असते, आणि संकलनकर्ते माणसेच होती. ‘पुरनानूरु’त ८३, ८४ आणि ८५ या क्रमांकांच्या तीन छोट्या कविता एका स्त्रीच्या आहेत. पहिलीत ती म्हणते की त्या तरुण वीरापायी हातातली कांकणे गळू लागली आहेत, म्हणून आईची भीती वाटते. त्याला जाऊन मिठी मारावी तर भरल्या सभेची लाज वाटते. या द्विधेने जशी ती थरथरते तसे हे गावही एकदा थरथरावे. तिन्ही कवितांत कोणाचेही नाव नाही. त्या अकम-संग्रहात असत्या तर कोणी वावगे म्हटले नसते. मात्र खालच्या टिपेत संकलनकर्ता सांगतो की हे पेरुंकोळि नायकनची कन्या नक्कण्णैयार हिने पोरवै कोप्पेरुनर्किळ्ळि या चोळ राजपुत्रावरील आपल्या प्रेमाविषयी गायिले. या टिपेपुढे अनामतेचा आडोसा उरत नाही. कविता अकममधून बाहेर काढून पुरममध्ये, राजांच्या स्तुतीच्या आणि लढायांच्या शेजारी, एकतर्फी प्रेमाचा नमुना म्हणून बसवल्या गेल्या. नक्कण्णैयारने निंबाचे पानही ठेवले नव्हते. ते दुसऱ्या कोणी आणून बांधले.

वेळ्ळिवीदियार या कवयित्रीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ‘अकनानूरु’च्या ४५ व्या कवितेत तिची विरहिणी आदिमंदीचे स्मरण करते, नदीने वाहून नेलेल्या प्रियकराला शोधीत भटकणारी आदिमंदी ही त्या काळी दंतकथा झाली होती. नियमाने नायक-नायिकेची नावे वर्ज्य असली तरी उपमेत प्रसिद्ध व्यक्ती चालत असे. पुढे त्याच संग्रहातील १४७ व्या कवितेत औवैयारची नायिका म्हणते की आपणही वेळ्ळिवीदीसारखे शोधीत निघावे. जिने दुसरीचे नाव उपमेसाठी घेतले, तिचेच नाव तिसरीच्या कवितेत उपमा झाले. या एका उल्लेखावरून नंतरच्या वाचकांनी वेळ्ळिवीदियारच्या सगळ्या कविता तिचे आत्मचरित्र म्हणून वाचल्या. ते खरे असू शकेल. परंतु पुरुष कवीने विरहिणीच्या तोंडी घातलेली कविता कल्पना ठरावी आणि स्त्रीने लिहिलेली तीच गोष्ट तिची हकिकत ठरावी, ही सवय तेव्हापासूनची आहे आणि पुढे ती सुटलेली नाही.

साधारण त्याच शतकांत, सह्याद्रीच्या अलीकडे, महाराष्ट्री प्राकृतात जे प्रेमकाव्य रचले जात होते त्याचा येथे उल्लेख करणे भाग आहे. हाल सातवाहनाच्या नावावरील ‘गाथासप्तशती’त बोलणारी स्त्री सखीला, मामीला, सासूला उद्देशून बोलते, तिचे स्वतःचे नाव आणि प्रियकराचे नाव गाथेत येत नाही. गोदावरी येते, तिच्या काठच्या वेळूच्या जाळ्या येतात, शेते येतात, पाटलाची सून येते. नदीला नाव आहे आणि माणसांना नाती आहेत. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या मराठी आवृत्तीमुळे हे काव्य मराठी वाचकाच्या हाती आले. तमिळ अकम-कविता आणि या गाथा यांतील साम्य जॉर्ज हार्ट यांनी १९७५ मध्ये सविस्तर दाखवले. कोणी कोणापासून घेतले हा वाद येथे महत्त्वाचा नाही. पोथ्यांतून काही गाथांवर रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी स्त्रियांची नावे रचनाकार म्हणून दिलेली आढळतात, आणि कोणाही भाष्यकाराने त्यांच्या गाथांचा त्यांच्या घराशी संबंध जोडून त्यांना जाब विचारलेला नाही. दक्खनमध्ये आणि तमिळ देशात एक समजूत समान होती. लिहिणाऱ्याचे नाव राहिले तर राहू द्यावे. ज्याच्यावर प्रेम केले त्याचे नाव राहू नये.

या समजुतीला पूर्ण छेद देणारी स्त्री अठराव्या शतकात तंजावरला होऊन गेली. भोसले घराण्यातील प्रतापसिंह (राज्यकाल १७३९ ते १७६३) याच्या दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत एकत्र नांदत होत्या. त्या दरबारातील गणिका मुद्दुपळनी हिने तेलुगूत ‘राधिकासांत्वनम्’ हे ५८४ पद्यांचे शृंगारकाव्य रचले. राधा आपल्या हाताने वाढवलेल्या इला या मुलीचा विवाह कृष्णाशी लावून देते, तिला शृंगाराची शिकवण देते, आणि मग मत्सराने जळते. कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. स्त्रीची इच्छा येथे स्त्रीच्याच तोंडून, न लाजता व्यक्त होते. पण त्याहून मोठे धाडस प्रस्तावनेत आहे. मुद्दुपळनी तेथे स्वतःचे नाव सांगते, आपल्या रूपाची आणि विद्वत्तेची थोरवी सांगते आणि वडिलांच्या वंशाऐवजी आजीपासून आलेली स्त्रियांची परंपरा सांगते. झाकण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नाही. गणिकेचे जीवन मुळातच उघडे असे, ‘अलर’ची भीती तिला नसे, हे त्याचे एक कारण, पण ते पुरेसे नाही. त्या दरबारात विद्या ही प्रतिष्ठा होती, आणि प्रतिष्ठा असलेल्या माणसाला बुरख्याची गरज भासत नाही.

एकोणिसाव्या शतकाला हे सोसवले नाही. १८८७ मध्ये पैडिपाटि वेंकटनरसु यांनी हे काव्य छापले तेव्हा काही पद्यांबरोबर मुद्दुपळनीची प्रस्तावनाही गाळली. शृंगारिक पद्ये गाळली हे त्या काळाच्या रीतीला धरून होते. परंतु कवयित्री कोण, कोणाची नात, हे सांगणारा निरुपद्रवी मजकूर का गाळावा? अनामता येथे लेखिकेचे संरक्षण म्हणून आलेली नाही, तिला दिलेली शिक्षा म्हणून आली आहे. पुढे वीरेशलिंगम यांच्यासारख्या थोर समाजसुधारकाने तेलुगू कवींच्या चरित्रग्रंथात मुद्दुपळनीवर तिच्या व्यवसायावरून तिखट शब्दांत टीका केली. मद्रासमध्ये गायिका म्हणून नावारूपाला आलेल्या बंगळूर नागरत्नम्मा यांच्या वाचनात हे आल्यावर त्यांनी मूळ हस्तलिखित मिळवले आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु यांच्या प्रकाशनसंस्थेतर्फे संपूर्ण काव्य प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. स्वतः देवदासी असलेल्या नागरत्नम्मांनी सरळ प्रश्न केला की लज्जा ही काय फक्त स्त्रियांसाठीच असते? १९११ मध्ये सरकारने पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. बंदी उठायला स्वातंत्र्य यावे लागले, आणि नवी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली. त्याच वर्षी नागरत्नम्मांचे निधन झाले.

योगायोग असा की त्याच १९१० साली सुब्रह्मण्य भारती यांनी पुदुच्चेरीत अज्ञातवासात असताना ‘कनवु’, म्हणजे स्वप्न, हे पद्य-आत्मचरित्र लिहिले. त्यात ते आपल्या बालपणीच्या प्रेमाची कथा सांगतात: दहा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. तमिळ साहित्यात इतक्या उघडपणे ‘हे माझ्या बाबतीत घडले’ असे म्हणणारा पहिला मोठा कवी तोच. तथापि मुलीचे नाव त्याने दिलेले नाही. पुढे वडिलांनी लावून दिलेल्या विवाहाविषयी त्याने कडवटपणे लिहिले, स्वतःची फजिती लिहिली, आणि त्या मुलीला मात्र दोन हजार वर्षांच्या नियमाच्या आडोशाला ठेवले. हेही पुस्तक मद्रास सरकारने १९११ मध्ये निषिद्ध ठरवले, पण त्यामागे प्रेमाचा संबंध नव्हता. सरकारला भारतींचे राजकारण खुपत होते. एकाच वर्षी एका स्त्रीचे नाव छापल्याचा आणि एका पुरुषाचे मन छापल्याचा गुन्हा एकाच सरकारच्या दप्तरात नोंदला गेला.

मराठीत या प्रश्नाला तोंड फुटले ते १९३३ मध्ये. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित राहिलेल्या स्त्रियांची घुसमट त्यात होती: मिळवत्या मुलीच्या पगारावर चालणारे घर, तिचे लग्न लांबवणारे आईबाप, पुरुषाच्या सहवासाची तिला वाटणारी ओढ आणि त्या ओढीची तिला वाटणारी शरम. पुण्यामुंबईत गदारोळ उठला. कथांच्या गुणदोषांपेक्षा ही बाई कोण याचीच चर्चा अधिक झाली. बाई नव्हेच, कोणी पुरुष असावा, असेही ठामपणे सांगितले गेले. कारण कुलीन स्त्रीला असे काही वाटते हे मान्य करण्यापेक्षा ते सोपे होते. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी नाव फोडले नाही. विभावरी म्हणजे रात्र, हा नावातला संकेत पुरेसा बोलका होता.

लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर (१९०५ ते २००१). कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. स्त्रियांच्या हक्कांविषयीचे त्यांचे वैचारिक लेखन स्वतःच्या नावाने येत होते. टोपणनाव घेतले ते कथांसाठी. विचार उजेडात करायचा आणि भावना अंधारात सांगायची, अशी ही विभागणी. तिला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी एका शिक्षिकेची नोकरी त्या काळी कशावर अवलंबून असे हे लक्षात घेतलेले नाही. पण एक बाजू आजवरच्या चर्चेत निसटलेली दिसते. टोपणनावाने लेखिका झाकली गेली. तिने जी आयुष्ये पाहून लिहिले ती झाकली गेली होती काय? शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रिया त्या काळच्या पुण्यात अशा कितीशा होत्या? पात्राचे नाव बदलले तरी घर, नोकरी, धाकटी भावंडे, रखडलेले लग्न हे तपशील राहतातच, आणि जवळच्या वर्तुळात त्यांतला एकेक तपशील भाल्यावरचा निंब होऊ शकतो. अकम-काव्याच्या रचनेत या अडचणीला उत्तर होते, कारण ते तपशील निवडतानाच व्यक्ती गाळून टाकते. वास्तववादी कथेला ते परवडत नाही. तिचे सारे बळ तपशिलात असते. म्हणून विसाव्या शतकातील लेखकाने चेहरा उघडा ठेवून आपला हात लपवला. प्राचीन कवीने हात उघडा ठेवून चेहरा लपवला होता.

हा भेद न्यायालयात स्पष्टपणे मांडला गेला तोही मद्रासच्याच एका प्रकरणातून, आणि अत्यंत विजोड निमित्ताने. सहा खुनांबद्दल मृत्युदंड झालेल्या ‘ऑटो शंकर’ या गुन्हेगाराने तुरुंगात आत्मचरित्र लिहिले. ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाने ते छापायचे ठरवले. (साप्ताहिकाचे नाव ज्याच्यावरून पडले तो नक्कीरर म्हणजे ‘नेडुनल्वाडै’च्या कवीचे नाव धारण करणारा दंतकथेतला निर्भीड पंडित होय, इतिहासाला कधीकधी विनोद सुचतो.) आत्मचरित्रात शंकरच्या पोलीस व तुरुंग अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांची हकिकत होती. तुरुंग प्रशासनाने प्रकाशनास हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर १९९४ रोजी दिलेल्या निकालात सांगितले की, प्रत्येक नागरिकाला आपले स्वतःचे, कुटुंबाचे, विवाहाचे, मातृत्वाचे खाजगीपण राखण्याचा हक्क आहे. संमतीवाचून त्याविषयी कोणी लिहू नये, मग ते खरे असो वा खोटे, स्तुतीचे असो वा निंदेचे. सार्वजनिक नोंदींत जे आहे ते मात्र छापता येते, आणि अधिकारी आपली बदनामी होईल म्हणून प्रकाशन आधीच रोखू शकत नाहीत. या नियमाला न्यायालयाने एक अपवाद कोरून ठेवला: अत्याचाराची किंवा अपहरणाची बळी ठरलेल्या स्त्रीचे नाव, ते सार्वजनिक नोंदीत असले तरी, प्रसिद्ध होऊ नये. लिहिणाऱ्याला स्वतःविषयी मोकळीक, दुसऱ्याविषयी मर्यादा, आणि दुखावलेल्या स्त्रीला अनामता. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. त्या निकालाच्या पायात हे मद्रासचे प्रकरण आहे.

कायदा घराच्या उंबरठ्याबाहेर थांबतो. तिरुच्चिरापळ्ळि जिल्ह्यातील तुवरंकुरिच्चि या गावी रोक्कय्या नावाची मुलगी वयात येताच शाळेतून काढली गेली, घरात कोंडली गेली आणि पुढे विवाहित झाली. सासरी लिहिणे मान्य नव्हते. ती रात्री संडासात लपून कागदाच्या कपट्यांवर लिहीत असे. आईच्या मदतीने ते कागद घराबाहेर जात. कवितांवर नाव असे सल्मा. पतीपत्नीच्या सहवासातील सक्ती, थकवा, शरीराचा संकोच आणि क्वचित उमटणारी इच्छा हा त्या कवितांचा विषय. पहिला संग्रह २००० मध्ये आला. येथे टोपणनावाने केवळ लेखिका झाकली जात नव्हती. ज्या घराविषयी ती लिहीत होती ते घरही त्यामुळेच झाकले जात होते. नवऱ्याचे नाव सांगायला कोणी टीपकार नव्हता, तोवर कविता अकमच होती.

२००१ मध्ये ग्रामपंचायत निवडणुकीत जागा स्त्रियांसाठी राखीव झाली आणि घरच्यांनीच तिला उभे केले. प्रचारासाठी चेहरा उघडा करावा लागला, आणि त्या चेहऱ्याची कवयित्रीशी सांगड बाहेर घातली गेली. दोनएक वर्षांतच, २००३ मध्ये, चेन्नईत कुट्टि रेवती, मालती मैत्री, सुकिर्तराणी आणि सल्मा या कवयित्रींवर अश्लीलतेचा आरोप करणारी जाहीर मोहीम उघडली गेली. यांपैकी कुट्टि रेवतींच्या २००२ मधील संग्रहाचे शीर्षकच ‘स्तन’ या अर्थाचे होते. आरोप करणाऱ्यांचा सूर ओळखीचा होता. कवितेत जे घडते ते कवयित्रीच्या बाबतीत घडलेच असणार, हे त्यांचे गृहीतक वेळ्ळिवीदियारच्या वाचकांइतके जुने होते. सल्मा पुढे कादंबरीकडे वळल्या. ‘इरंडाम जामंगळिन कदै’ (२००४) मध्ये एका मुस्लिम गावातल्या अनेक स्त्रियांची आयुष्ये एकमेकांत मिसळून येतात, आणि कोणती कोणाची हे बाहेरच्याला ओळखता येत नाही.

२०२५ मध्ये सल्मा तमिळनाडूतून राज्यसभेवर निवडून गेल्या. उमेदवारीच्या घोषणेत ‘रोक्कय्या मलिक ऊर्फ कवयित्री सल्मा’ अशी दोन्ही नावे एकापुढे एक छापलेली होती.